सेझानचे टेबल वाकडे का?

आधुनिक चित्रकलेचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : "यात काय कळायचे? असे वाकडेतिकडे कोणीही काढील." या तक्रारीला हसून उत्तर देण्यात अर्थ नाही. परंतु ज्याला सरळ रेषा काढता येते असा चित्रकार ती मुद्दाम वाकडी का काढतो, असे आपण स्वतःला विचारले, तर या कलेचे दार थोडे किलकिले होते. त्यासाठी एकच चित्र समोर ठेवू.

पॉल सेझान (१८३९–१९०६) या फ्रेंच चित्रकाराने १८९३ च्या सुमारास रंगविलेले 'सफरचंदांची टोपली' हे चित्र आज शिकागोच्या संग्रहालयात आहे. टेबलावर पांढरे कापड, त्यावर पसरलेली सफरचंदे, एक कलती टोपली, एक बाटली आणि बशीत रचलेली बिस्किटे, एवढाच ऐवज. पण नीट पाहा : कापडाच्या डावीकडे दिसणारी टेबलाची कड उजवीकडच्या कडेशी जुळत नाही. बाटली एका अंगाला झुकली आहे. खालची बिस्किटे समोरून, तर वरची काहीशी वरून पाहिल्यासारखी दिसतात.

हे अज्ञान नव्हे. पंधराव्या शतकात इटलीत यथादर्शनाचे शास्त्र सिद्ध झाले. एका जागी स्थिर उभ्या असलेल्या माणसाने एकाच डोळ्याने पाहिलेले जग कागदावर कसे उतरवावे, हे ते शास्त्र सांगते. १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि हेच काम यंत्र करू लागले. मग चित्रकाराने काय करावे?

पहिले उत्तर दृक्प्रत्ययवाद्यांनी दिले. १८४१ पासून पत्र्याच्या नळ्यांत भरलेले तयार रंग मिळू लागल्याने चित्रकाराला उघड्यावर बसून रंगविणे सोपे झाले होते. क्लोद मोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश पकडला. १८७४ मध्ये त्यांनी पॅरिसला स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा एका टीकाकाराने मोनेच्या चित्राच्या नावावरून त्यांची थट्टा केली आणि थट्टेचेच पुढे पंथाला नाव पडले.

सेझान त्या प्रदर्शनात होता, परंतु त्याचे समाधान झाले नाही. प्रकाशाच्या खेळात वस्तूचे वजन, तिचा भरीवपणा हरवतो, असे त्याला वाटे. शिवाय माणूस एका डोळ्याने, मान न हलविता पाहत नाही. तो थोडा डावीकडे झुकतो, थोडा उठतो, पुन्हा बसतो. प्रत्येक वेळी टेबलाची कड किंचित सरकते. सेझानने ही सारी पाहणी एकाच चित्रात ठेवली. सफरचंदाची गोलाई त्याने काळ्या छायेने दाखविली नाही. उष्ण रंग पुढे येतात, शीत रंग मागे सरतात, या गुणाचा उपयोग करून रंगांचे लहान लहान पट्टे शेजारी मांडीत त्याने ती घडविली.

याची किंमत त्याने मोजली. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने त्याची चित्रे वारंवार नाकारली. त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १८९५ मध्ये भरले, तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. ऑक्टोबर १९०६ मध्ये बाहेर चित्र रंगवीत असता तो पावसात सापडला, आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत वारला.

१९०७ मध्ये पॅरिसला त्याच्या चित्रांचे स्मृतिप्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी झॉर्झ ब्राकने, सेझानने जिथे चित्रे काढली होती त्या लेस्ताक गावी जाऊन, घरे जणू ठोकळे असावीत अशी रंगविली. पुन्हा एका टीकाकाराने 'ठोकळे' म्हणून हिणविले आणि त्यातून 'घनवाद' हे नाव रूढ झाले. ब्राक आणि पिकासो यांनी मग वस्तूची समोरची आणि बाजूची अंगे एकाच वेळी दाखविली. सेझानच्या टेबलाची सरकलेली कडच येथे पुढे गेली होती. हे वारे पुढे आपल्याकडेही पोचले. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रागतिक कलावंतांच्या गटात गोव्यात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा अग्रभागी होते.

आधुनिक चित्र प्रत्येकाला आवडलेच पाहिजे असे नाही. परंतु नाकारण्यापूर्वी एक प्रयोग करावा. घरी मेजावर एक तांब्या आणि दोन लिंबे ठेवून प्रथम एक डोळा मिटून, मान स्थिर ठेवून चित्र काढावे. मग दोन्ही डोळे उघडून, मोकळेपणी हलत दुसरे काढावे. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की सेझानचे टेबल तितकेसे वाकडे वाटणार नाही.