पंखा फिरतोय, पण धूळ खेचली जातेय का?

अंधेरी एमआयडीसीपासून घाटकोपर, मुलुंडपर्यंतच्या गाळ्यांत कटिंग-पॉलिशिंग चालते. तिथे धूळ खेचणारा पंखा नुसता फिरून पुरत नाही. त्याची चाचणी लागते.

का?
फुप्फुसात खोलवर जाणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत. दगड-वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

नियम काय?
नोव्हेंबर 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाने अधिनियमाचे कलम 14 सांगत असे : धूळ उठते तिथेच, शक्य तितक्या जवळून ती खेचावी.

चाचणी कशी?
हुडसमोर धुराची नळी धरतात. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग ॲनिमोमीटरने हवेचा वेग मोजतात. तो आधीच्या नोंदीपेक्षा घटला, तर फिल्टर तुंबल्याची किंवा डक्ट गळत असल्याची शंका घ्यावी.

शिकायचे कुठे?
शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्य व सुरक्षेचे प्रशिक्षण मिळते.