नदीतील मासे मोजावयाचे कसे?

मुलताईस उगम पावलेली तापी सातपुड्याच्या कडेने पश्चिमेस वाहत बुऱ्हाणपूरच्या तटाखालून जाते. पावसाचे पहिले गढूळ पाणी आले की काठच्या लोकांना मासे विपुल सापडतात. पोटात अंडी घेतलेली मादी या दिवसांत प्रवाहाच्या वर चढते, उथळात येते आणि म्हणूनच सहज हाती लागते. विपुलतेचा हा आभास सर्वांत फसवा होय.

मग नदीत मासे आहेत तरी किती? शेतातील झाडांप्रमाणे ते मोजता येत नाहीत. शास्त्रज्ञ त्यासाठी एक साधी युक्ती योजतात. समजा, एका डोहातील शंभर मासे पकडून त्यांना खूण केली व जिवंत सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकले असता साठ मासे मिळाले आणि त्यांत खुणेचे तीन निघाले. म्हणजे विसांत एक. यावरून डोहात सुमारे दोन हजार मासे असावेत, असा अंदाज बांधता येतो. मात्र मधल्या काळात डोहाचे पाणी नदीपासून तुटलेले असावे लागते. आमच्या शिक्षक बंधूंना त्रैराशिकाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी पद्धत मच्छीमारांच्या अनुभवाशी जुळणारी आहे. तेवढ्याच जाळ्याने, तेवढ्याच वेळात पूर्वीपेक्षा कमी मासे मिळू लागले, तर साठा घटत चालला असे समजावे. बाजारात आलेल्या एकूण मालावरून हे कळत नाही; जाळी वाढली की घटत्या साठ्यातूनही माल काही काळ तेवढाच येतो.

आपल्या राज्याने २०११ मध्ये राज्यमत्स्य म्हणून घोषित केलेल्या महसीराची कथा याच नोंदींनी उघड केली. १९६० च्या सुमारास नर्मदेच्या मत्स्योत्पादनात त्याचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक होता. पुढे तो फार खाली आला. हा मासा सावकाश वाढतो. अंड्यांसाठी त्यास वाहते, स्वच्छ पाणी व गोट्यांचा तळ लागतो. धरणांच्या स्थिर पाण्यात ते मिळत नाही आणि वाळूउपशाने तळही उसकटला जातो. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाची रीत सिद्ध केली. त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली तलावांत व जलाशयांत सोडणे सुलभ झाले. पण त्याने महसीराची उणीव भरून येत नाही.

१९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ मासेमारीस बंद असतो. १९४८ च्या मत्स्य क्षेत्र अधिनियमान्वये उल्लंघनास एक वर्षापर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नदीशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांस ही बंदी लागू नाही. दोन महिने जाळे सुकत ठेवा, असे कागदावर लिहिणे सोपे आहे. मच्छीमाराची चूल मात्र रोज पेटावी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मच्छीमाराचे दीड हजार व शासनाचे तीन हजार रुपये मिळून साहाय्याची तरतूद करण्यात आली. रक्कम मोठी नाही, हे मान्य करावयास हवे.

बंदीइतकेच महत्त्व जाळ्याच्या आसाला आहे. आस म्हणजे जाळ्याच्या गाठींमधील मोकळी जागा. ती बारीक असली की एकदाही अंडी न घातलेले पिल्लू अडकते. मच्छरदाणीच्या कापडाने पाणी गाळणे तर पेरणीचे बियाणेच खाण्यासारखे आहे.

माशाचे वय त्याच्या खवल्यावरून समजते. वाढ मंदावते त्या ऋतूत खवल्यावरील रेषा दाट उमटतात. बाजारातून आणलेल्या रोहूचा खवला कोमट पाण्यात धुऊन शाळेतील भिंगाखाली धरावा. वळी मुलांनाही मोजता येतात.