आधी गंज, मग उंची

मिशिगनमध्ये जुना पिकअप ट्रक घ्यायचा असेल, तर गाडी किती मैल धावली ते नंतर विचारा. आधी खाली वाकून तिचं पोट बघा. डेट्रॉईट शहराखाली साडेतीनशे मीटरच्या आसपास खोलीवर मिठाची मोठी खाण आहे आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठच टाकतात. खारं पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही, रस्ता मोकळा राहतो, आपण वेळेवर ऑफिसला पोचतो. पण तेच पाणी चाकांनी उडून पत्र्याच्या घड्यांमध्ये जाऊन बसतं आणि लोखंड झपाट्याने गंजतं. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. खारा वारा खिडकीचे गज कसे खातो, ते त्यांनी पाहिलेलंच असतं.

माझा पिकअप २००४ सालचा. उत्तर मिशिगनमधल्या वाळूच्या, खडबडीत वाटांवर नेण्यासाठी तो दोन इंच उचलायचा, म्हणजे इथल्या भाषेत ‘लिफ्ट’ करायचा, असं ठरवलं होतं. लिफ्टचे मुख्य प्रकार दोन. बॉडी लिफ्टमध्ये चासी तशीच राहते. चासी आणि वरची केबिन-हौदा यांच्यामध्ये ठोकळे घालतात. सस्पेन्शन लिफ्टमध्ये स्प्रिंग, पाटे, शॉक अब्सॉर्बर यांत बदल करून चासीच चाकांपासून वर घेतात. पण दोन्हींचा भार येतो तो नेमका गंजाच्या आवडत्या जागांवर: केबिन जिथे चासीवर टेकते ते माउंट आणि मागचे पाटे जिथे चासीला जोडलेले असतात ते शॅकल. या जागा पोकळ झालेल्या असतील, तर वर नवं सामान कितीही चांगलं बसवा, उपयोग शून्य.

म्हणून लिफ्टचं सामान मागवण्याआधी गाडी स्टँडवर घेतली. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. हातात छोटी हातोडी आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन इंच-इंच ठोकत गेलो. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं आणि स्क्रूड्रायव्हर आत जातो. दाराखालच्या पट्ट्या, केबिनचे मागचे कोपरे आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गेलेल्या होत्या. डाव्या शॅकलजवळ चासीचेही पापुद्रे निघत होते. ब्रेकचे स्टीलचे पाइप तर हात लावायला भीती वाटावी असे.

इथे कामाची वाटणी सरळ होती. चासीवर सगळ्या गाडीचा भार असतो, त्यामुळे ते काम चासीचं वेल्डिंग नेहमी करणाऱ्या माणसाकडे दिलं. ब्रेकचे पाइप तांबे-निकेलचे बसवून घेतले. ते गंजत नाहीत. पत्र्याचं काम मात्र मी घरी केलं. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, “अरे, इंजिनियर ना तू? मग पत्रे कसले ठोकतोयस?”

गंजाचा फुगा वरून दिसतो त्याहून आत पसरलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. तो फुगा घासून वर पुट्टी भरली की गाडी दोन महिने सुंदर दिसते, मग पुन्हा तेच. चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापावाच लागतो. त्या मापाचा नवा तुकडा घेऊन मिग वेल्डरने आधी लांब-लांब टाके घालायचे, प्रत्येक टाका थंड होऊ द्यायचा. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा वाकडा होतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची, आतलं कार्पेट काढायचं, पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठे आहेत ते बघायचं आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवायचं. नंतर एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग रंग. शेवटी पोकळ भागात आतून मेण फवारायचं आणि पाणी निचरायची भोकं उघडी ठेवायची. गंज फक्त पृष्ठभागावर असेल तरच रस्ट कन्व्हर्टर पुरतो. पडलेलं भोक त्याने बुजत नाही. गंजावरच डांबरी कोटिंग मारलं, तर ओल आत कोंडते आणि वरून काही दिसतही नाही.

हे सगळं झाल्यावर लिफ्ट. ते काम त्यामानाने सोपं, पण त्याचेही हिशेब आहेत. गाडी उचलली की व्हील अलाइनमेंट करावीच लागते, ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बघावं लागतं, हेडलाइट खाली वळवावे लागतात, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातात. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर वेग कमी ठेवावा लागतो. आणखी एक गंमत: सस्पेन्शन उचलून मागचा डिफरन्शियल जमिनीपासून वर जात नाही, तो फक्त मोठ्या टायरने वर जातो, तोही व्यासातल्या वाढीच्या निम्माच. शिवाय २९ इंची टायरच्या जागी ३२ इंची घातले, तर स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६६ च्या वेगाने पळत असते. मी त्यामुळे टायर मूळ मापाचेच ठेवले.

मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची दरवर्षी सक्तीची सुरक्षा तपासणी होत नाही. गाडी आतून सडली असली तरी ‘थांब’ म्हणणारं कुणी नाही. त्या गाडीत आपली मुलं बसतात, उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-वडील बसतात. म्हणून जुना ट्रक घेणाऱ्या मित्रांना एकच सांगणं: हातातल्या पैशांचा पहिला वाटा गंजासाठी ठेवा, उरले तर उंचीसाठी. दर शरद ऋतूत खालून तेलाचा फवारा मारून घ्या आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या वर गेला की गाडीचं पोट धुऊन काढा. गावाकडे पावसाळ्याआधी लोखंडी गेट घासून रेड ऑक्साइड लावतात ना, तसंच हे. आधी घासायचं, मग रंग.