आभासी यंत्रांचे आकारमान आणि आरक्षित सवलतीचे गणित

प्रस्तावना :
ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने 2006 मध्ये 'ईसीटू' ही सेवा सुरू करून आभासी संगणक तासाच्या हिशेबाने भाड्याने उपलब्ध करून दिला. 2009 मध्ये तीत आरक्षणाची योजना आली. एक किंवा तीन वर्षांचे बंधन स्वीकारणाऱ्या ग्राहकास दरात सवलत मिळू लागली. यंत्राचा आकार बदलल्यास या सवलतीचे काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सवलतीचे स्वरूप :
आरक्षण म्हणजे विशिष्ट यंत्र राखून ठेवणे, असा समज आढळतो. वस्तुतः प्रादेशिक आरक्षण ही केवळ देयकात लागू होणारी सवलत होय. 2017 पासून लिनक्स यंत्रांच्या अशा आरक्षणास आकाराची लवचीकता प्राप्त झाली. त्यासाठी प्रत्येक आकारास एकके ठरविलेली आहेत : स्मॉल 1, मीडियम 2, लार्ज 4, एक्स-लार्ज 8, टू-एक्स-लार्ज 16.

समजा, एका एक्स-लार्ज यंत्राचे, म्हणजे 8 एककांचे, आरक्षण आहे. त्यात दोन लार्ज यंत्रे पूर्णतः सामावतात. टू-एक्स-लार्जचा मात्र निम्माच खर्च भागतो. एक लार्ज व एक एक्स-लार्ज एकाच वेळी चालू असल्यास सवलत लहान यंत्रापासून सुरू होते. लार्जची 4 एकके वजा जाता उरलेल्या 4 एककांत एक्स-लार्जचा अर्धा भाग येतो. उर्वरित अर्ध्यास नेहमीचा दर पडतो.

मर्यादा :
ही लवचीकता एकाच प्रदेशातील, एकाच कुलातील व पिढीतील यंत्रांपुरती आहे. विंडोज परवान्यासह घेतलेल्या यंत्रांना ती नाही. विशिष्ट विभागापुरते केलेले आरक्षण क्षमतेची हमी देते, परंतु आकार बदलू देत नाही.

महाविद्यालयीन संदर्भ :
न वापरलेला तास पुढे शिल्लक राहत नाही. सवलत 40 टक्के गृहीत धरल्यास वर्षाच्या 8760 तासांपैकी किमान 5256 तास वापर झाला तरच खर्चाची बरोबरी होते. प्रयोगशाळा 240 दिवस, रोज 8 तास चालली, तर वापर 1920 तासांचाच होतो. अशा स्थितीत तासिक भाडे स्वस्त पडते. अहोरात्र चालणाऱ्या संकेतस्थळास मात्र आरक्षण लाभदायक ठरते.

समारोप :
आकाराची लवचीकता चुकलेली निवड सावरू शकते. रिकामा गेलेला तास भरून काढू शकत नाही. म्हणून अंदाजपत्रकात तरतूद करण्यापूर्वी सवलतीच्या टक्केवारीपेक्षा वापराच्या तासांची नोंद तपासणे अधिक महत्त्वाचे आहे.