विकत घेतलेली वस्तू आणि भाड्याचा मेंदू

पैसे मोजून घरी आणलेल्या उपकरणावर ग्राहकाची सत्ता कोठपर्यंत चालते, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत शिरण्याच्या बराच आधी हौशी तंत्रज्ञांच्या टेबलावर येऊन पडला होता. उपकरण उघडायचे, त्यातले सॉफ्टवेअर काढून दुसरे घालायचे आणि उत्पादकाने ज्याचा विचारही केला नाही ते काम त्याच्याकडून करून घ्यायचे, ही उचापत व्यवसाय म्हणून नव्हे तर हौस म्हणून करणाऱ्यांची एक सलग परंपरा बेंगळुरूत गेली पस्तीस वर्षे दिसते. शहराच्या दक्षिणेकडील जयनगरसारख्या निवासी वस्त्यांतून तिचा माग काढला, तर तंत्रज्ञानाच्या इतिहासाइतकाच मालकीच्या कल्पनेचा इतिहासही हाती लागतो.

जयनगरची पायाभरणी १९४८ साली, तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली. आयटीआय, एचएमटी, बीईएल यांसारखे सरकारी कारखाने पुढच्या काही वर्षांत शहरात उभे राहिले, आणि टेलिफोन, घड्याळे, रडार बनवणाऱ्या या कारखान्यांनी सोल्डरिंगची कावीळ झालेली, म्हणजे जे दिसेल त्याला डाग देऊ पाहणारी, एक पिढी तयार केली. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९८३ मध्ये बेंगळुरूत बिऱ्हाड हलवले, त्याआधीपासूनच शहरात हा कारागिरीचा थर होता. सॉफ्टवेअरची हौस त्याच्यावर रुजली, हे सहसा सांगितले जात नाही. सुट्या भागांसाठी जयनगरच्या हौशी माणसाला टाऊन हॉलमागच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे बोलीतल्या एस. पी. रोडवर, जावे लागे. पुणेकरांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा, तसाच हा बाजार आहे. रेझिस्टरपासून जुन्या राउटरपर्यंत सारे तिथे मिळते, फक्त काय मागायचे हे गिऱ्हाइकाला आधी ठाऊक असावे लागते.

सेवा आणि उपकरण यांची पहिली गाठ टेलिफोनच्या तारेवर पडली. बर्लिनमध्ये १९६२ साली जन्मलेले आणि बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये सिक्स नावाचे बुलेटिन बोर्ड सुरू केले, जे देशातील अगदी सुरुवातीच्या अशा सेवांपैकी एक होते. बुलेटिन बोर्ड म्हणजे कोणाच्या तरी खोलीत टेलिफोनला जोडून ठेवलेला संगणक. दुसऱ्याने आपल्या संगणकावरून मोडेमने, म्हणजे संगणकाच्या खुणांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या पेटीने, त्याचा क्रमांक फिरवायचा, निरोप आणि फायली उतरवून घ्यायच्या आणि तार मोकळी करायची, कारण एका तारेवर एका वेळी एकच माणूस बोलू शके. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केल्यावरही वेगाची ही कोंडी सुटली नाही. सेकंदाला १४,४०० बिट वाहणाऱ्या तारेवरून एका सीडीत मावणारा मजकूर उतरवायचा तर ती तार चार दिवसांहून अधिक काळ अखंड चालू ठेवावी लागली असती, आणि त्या काळात ती मध्येच तुटली नाही असे सहसा होत नसे. म्हणूनच ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९६ मध्ये अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, ज्यात चिटणीस यांचा पुढाकार होता, ती घटना आज वाटते त्यापेक्षा पुष्कळ मोठी ठरते. जिचा मूळ संकेत, म्हणजे प्रोग्रामची मानवाला वाचता येणारी संहिता, सर्वांना पाहता आणि बदलता येतो, अशी संपूर्ण संगणकप्रणाली वर्तमानपत्रवाल्याकडून मिळू लागली.

या वाचकवर्गातूनच २००१ साली ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद उभी राहिली. पुढे तिचे नाव ‘फॉस डॉट इन’ झाले आणि २०१२ पर्यंत ती भरत राहिली. तिची शेवटची काही अधिवेशने जयनगरला खेटून असलेल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या सभागृहात झाली. केवळ वापरणाऱ्यांची गर्दी जमवण्यापेक्षा प्रत्यक्ष भर घालणारे तयार करावेत, असा आग्रह संयोजकांनी उत्तरोत्तर धरला. त्यामुळे श्रोते घटले, पण काम वाढले, आणि हा सौदा योग्यच होता.

याच काळात बेंगळुरूने स्वतःचे एक उपकरणही घडवले. भारतीय विज्ञान संस्थेतील चार प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोर कंपनीतील मंडळी यांनी मिळून आखलेला, तळहातावर मावणारा ‘सिम्प्युटर’ २००१ मध्ये जाहीर झाला. तो लिनक्सवर चालत असे, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवू शके, आणि गावात एकच यंत्र अनेकांनी आपापले स्मार्ट कार्ड घालून वापरावे अशी त्यामागची कल्पना होती. बीईएलने बनवलेल्या ‘अमिडा’ या २००४ च्या आवृत्तीत यंत्र हाताने तिरके केले की पान उलटावे अशी सोय होती, म्हणजे आयफोन बाजारात येण्याच्या तीन वर्षे आधी. बाजारात सिम्प्युटर चालला नाही. विक्री काही हजारांच्या पलीकडे गेली नाही, कारण त्याची किंमत ज्यांच्यासाठी तो केला त्यांना परवडत नव्हती आणि ज्यांना परवडत होती त्यांना तोवर मोबाइल मिळाला होता. मात्र त्याचा आराखडा ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणारा जो परवाना त्याच्या विश्वस्त संस्थेने लिहिला, तो यंत्रांच्या बाबतीतला एक आरंभीचा मुक्त परवाना होता. यशापयशाच्या चर्चेत तो नाहक हरवला.

परवान्याची ताकद खऱ्या अर्थाने सिद्ध झाली ती मात्र एका परदेशी राउटरमुळे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स वापरले असल्याचे हौशी लोकांनी २००३ मध्ये शोधून काढले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, ते घालून वस्तू विकणाऱ्याने त्याचा मूळ संकेतही ग्राहकाला दिला पाहिजे. कंपनीला तो द्यावा लागला, आणि त्यातून पुढच्याच वर्षी ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प जन्माला आला, जो आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतो. उत्पादकाने सुधारणा देणे बंद केलेला, एस. पी. रोडवर पडत्या भावात मिळणारा राउटर त्यामुळे पुन्हा कामाचा होतो.

मराठी वाचकांच्या हातात हीच खटपट मोबाइलमार्गे आली. साधारण २००९ ते २०१२ या काळात बहुतेक फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोनांच्या रांगा दिसत, कारण फोनमध्ये ना टंक असे, ना काना-मात्रा-जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे लिहून उघडणाऱ्या पानाच्या तळाशी, क्लिष्ट लिप्यांसाठी चित्ररूप टंक वापरावेत का, असा एक पर्याय असे; तो ‘नाही’वरून ‘होय’ केला की कंपनीचा सर्व्हर अक्षरे स्वतःच रंगवून त्यांची चित्रे फोनकडे धाडी आणि नोकियाच्या इवल्या पडद्यावर मराठी बातम्या उमटत. डेटा जास्त लागे, मजकूर उचलता येत नसे, पण वाचता येई. बेंगळुरूत राहून महाराष्ट्रातील घडामोडींवर नजर ठेवणाऱ्या कितीतरी जणांना मराठी आंतरजालाचे पहिले दर्शन अशा आडवाटेने घडले. यातली गंमत अशी की, ही सोय फोनमध्ये नव्हतीच. ती दूरच्या सर्व्हरवर होती आणि तिथून बंद झाली असती तर फोनधारकाकडे करण्यासारखे काहीच उरले नसते.

अँड्रॉइडने ही उणीव भरून काढली, आणि त्याबरोबर ‘रूट’ करण्याची, म्हणजे फोनवर मालकाला सर्वाधिकार मिळवून देण्याची, लाट आली. कंपनीचे सॉफ्टवेअर पुसून त्या जागी स्वयंसेवकांनी बांधलेले सायनोजेनमॉड घालणे हा संगणकप्रेमी विद्यार्थ्यांत एक संस्कारच होऊन बसला होता. परंतु हौसेतून निघालेली ही प्रणाली कंपनी झाली, तेव्हा काय घडते हेही याच देशात दिसले. वनप्लसचा पहिला फोन डिसेंबर २०१४ मध्ये भारतात सायनोजेनसह विकायला आला आणि भारतापुरते या प्रणालीचे हक्क आपल्याकडे आहेत, असे म्हणत मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली; विक्रीला काही दिवस मनाई झाली, ती पुढे उठली, आणि दोन वर्षांत सायनोजेनने गाशा गुंडाळला. स्वयंसेवकांनी तोच संकेत ‘लिनीएजओएस’ या नावाने पुढे चालवला, कारण तो मुक्त होता.

रूट करण्याची हौस ओसरली ती या भांडणामुळे नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे व्यवहार फोनवर गेले, आणि बँकांची ॲपे फोन कंपनीने दिला तसाच शाबूत आहे का, याची चौकशी गूगलच्या यंत्रणेकडे करू लागली. फोन उघडलेला आढळला की ॲप चालायला नकार देते. फसवणूक टाळण्याचा हेतू रास्त आहे. तथापि मालकाने जाणूनबुजून केलेला बदल आणि चोराने केलेला बदल यांत ही यंत्रणा फरक करत नाही, आणि त्या एका आळसापायी कायदेशीर हौस संशयास्पद ठरते.

फोनातून हद्दपार झालेली खटपट घराच्या भिंतींत आणि गच्चीवर शिरली. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून बेंगळुरूत येते आणि पुष्कळ वस्त्यांत ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी सोडले जाते. म्हणून जयनगरमधल्या जुन्या स्वतंत्र घरांत अंगणाखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी आणि मध्ये मोटार असा संसार असतो. मोटार वेळेवर बंद न केल्यास पाणी वाहून जाते, खालची टाकी रिकामी असता चालू राहिल्यास मोटार जळते. हौशी तंत्रज्ञाला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही.

त्याचे उत्तर शक्य झाले ते २०१४ मध्ये चिनी कंपनी एस्प्रेसिफने बाजारात आणलेल्या, वायफाय अंगभूत असलेल्या ईएसपी ८२६६ या अतिशय स्वस्त चिपमुळे. टाकीच्या झाकणाला बसवलेला संवेदक कानाला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो आणि तो पाण्यावरून परतायला लागलेल्या वेळेवरून पातळी काढली जाते. पाणी एक मीटर खाली असेल, तर हा वेळ सुमारे सहा सहस्रांश सेकंद भरतो. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात साधा संवेदक टाकीतल्या दमटपणाने काही आठवड्यांत दगा देतो, म्हणून जलरोधक जातीचा घ्यावा लागतो. तो वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा जवळचे मोजू शकत नाही, म्हणून तो झाकणाच्या वर नळीत उचलून बसवावा लागतो. आणि अशा संवेदकांचा इशारा बहुधा पाच व्होल्टचा, तर चिप ३.३ व्होल्टची, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवावे लागते.

मोटार चालू-बंद करण्यासाठी अनेक जण सोनॉफ जातीचा तयार वायफाय स्विच घेतात आणि त्यातले कंपनीचे सॉफ्टवेअर काढून ‘टॅसमोटा’ हे मुक्त सॉफ्टवेअर भरतात. स्विचची पेटी उघडली की आत चार-पाच छिद्रांची एक ओळ दिसते. तिला संगणकाची सीरियल जोडणी देऊन, बटण दाबून ठेवत ३.३ व्होल्ट पुरवले की चिप नवे सॉफ्टवेअर स्वीकारण्याच्या स्थितीत जागी होते. या वेळी घरातली २३० व्होल्टची वीज त्याला चुकूनही जोडलेली नसावी, कारण आतील मंडल त्या विजेपासून विलग केलेले नसते आणि धक्का जिवावर बेतू शकतो. दुसरी खबरदारी अशी की, दहा अँपिअर असा शिक्का असला तरी या स्विचने मोटार थेट चालवू नये. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, स्विचमधले संपर्क वितळून चिकटतात आणि मग बंद करण्याची आज्ञा देऊनही मोटार चालूच राहते. स्विचने काँटॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा विद्युत-स्विच, ओढावा आणि काँटॅक्टरने मोटार. सॉफ्टवेअरच्या माणसाने वायरमनकडून शिकण्याचा हा धडा आहे, आणि तो बहुधा उशिरा शिकला जातो.

आता, मूळ सॉफ्टवेअर चालत असताना ते काढण्याचा उपद्व्याप कशासाठी? कारण ते चालते ते कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर. मोटार बंद करण्याची आज्ञा फोनवरून निघून परदेशातील सर्व्हरवर जाते आणि तिथून परत त्याच घरात येते. जयनगरमध्ये इंटरनेट गेले की अंगणातून गच्चीपर्यंतचा निरोपही खुंटतो. टॅसमोटाच्या जोडीला पॉलस शाउटसन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही प्रणाली वापरली, तर सारे निरोप घरातल्या घरात, रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरून फिरतात.

ही भीती काल्पनिक नाही. गूगलच्या मालकीच्या नेस्टने विकत घेतलेल्या रिव्हॉल्व कंपनीचे घरगुती नियंत्रक यंत्र सुमारे ३०० डॉलरला विकले गेले होते. मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद झाला आणि यंत्रात काहीही बिघाड नसताना ते निरुपयोगी झाले. त्याउलट उदाहरण पेबल या मनगटी घड्याळाचे. लोकवर्गणीतून २०१२ मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभारणारी ही कंपनी २०१६ मध्ये फिटबिटने गिळली आणि जून २०१८ मध्ये तिच्या सेवा थांबल्या. पण वापरणाऱ्यांनीच ‘रेबल’ नावाने पर्यायी सेवा उभी केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये, मधल्या काळात फिटबिट विकत घेतलेल्या गूगलने घड्याळाच्या प्रणालीचा मूळ संकेत खुला केला. दोन्ही घटनांत कंपन्या आपापल्या हिशेबाने वागल्या. फरक पडला तो दुसऱ्या वस्तूभोवती आधीपासून संकेत लिहिणाऱ्या हौशी लोकांचा मेळा होता म्हणून.

भारतीय कायदा या मंडळींना वाटतो तितका प्रतिकूल नाही. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याची मुभा, कायदेशीररीत्या प्रत हाती असलेल्याला, स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने दिली आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये विनापरवाना शिरणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार वर्ज्य आहे, आणि ते तसेच असावे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर संकेतस्थळही काढले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. मात्र त्याचा रोख सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सेवा केंद्रे यांवर आहे. ज्या वस्तूचा एकही भाग मोडलेला नाही पण जिचा सर्व्हर बंद झाला, तिची दुरुस्ती या चौकटीत बसत नाही.

सेवा बंद करणाऱ्या कंपनीने ती वस्तू इंटरनेटविना चालवण्याची सोय ग्राहकाला देऊन मगच निघावे, एवढी एक अट या चौकटीत घालता येण्याजोगी आहे. ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहक पंचायतींना आता पन्नास वर्षे होऊन गेली. त्यांनी ही मागणी हाती घ्यावी, आणि तोवर या दिवाळीत ‘स्मार्ट’ वस्तू घेणाऱ्या वाचकाने दुकानदाराला दुकानाचे इंटरनेट बंद करायला सांगून ती चालते का, हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावे.