खाडीतलं शास्त्र, गाडीच्या पोटाखाली

दाभोळच्या खाडीत दोन बोटी अगदी शेजारून, समांतर आणि वेगाने निघाल्या, तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. मधल्या चिंचोळ्या जागेत पाण्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो.

1978 साली लोटस 79 या फॉर्म्युला वन गाडीने हाच नियम हवेवर चालवला. कॉलिन चॅपमन आणि पीटर राइट यांच्या चमूने गाडीच्या दोन्ही बगलांना खालून उलट्या विमानपंखाचा आकार दिला. पोट आणि रस्ता यांमधून हवा सुसाट जायची, दाब घटायचा, गाडी रस्त्याला चिकटायची. वजन न वाढता टायरांची पकड वाढली. वळणं वेगात घेता आली. मला खरी करामत वाटते ती कडेच्या सरकत्या पट्ट्यांची. रस्त्याच्या चढउतारांबरोबर वरखाली होत त्या बाहेरची हवा आत शिरू देत नसत.

बेल्जियममध्ये पदार्पणातच मारिओ आंद्रेत्तीने ही गाडी जिंकवली. त्या मोसमात तिने सहा शर्यती मारल्या, आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. पण पट्टी अडकली की पकड क्षणात सुटे, म्हणून 1983पासून गाड्यांचा तळ सपाट ठेवण्याचा नियम आला. तळाखालचे हवेचे ते पंखाकार मार्ग, म्हणजे बोगदे, परतले थेट 2022 मध्ये.