मुंबई विमानतळ

मुंबई विमानतळ : भारतातील एक प्रमुख आंतरराष्ट्रीय विमानतळ. अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो मुंबईच्या पश्चिम उपनगरांत सांताक्रूझ व सहार या भागांत वसला आहे.

मुंबईची प्रारंभीची नागरी विमानवाहतूक जुहू येथील तळावरून (स्थापना १९२८) होत असे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून आणलेले टपालाचे विमान तेथेच उतरले. सांताक्रूझचा तळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या वापरात होता. युद्धोत्तर काळात नागरी वाहतूक तेथे हलविण्यात आली. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहार येथे १९८० च्या सुमारास स्वतंत्र इमारत झाली. विमानतळाला १९९९ मध्ये छत्रपती शिवाजींचे नाव देण्यात आले. त्यात ‘महाराज’ ही उपाधी २०१८ मध्ये जोडली गेली. सहार येथील चार मजली नवी इमारत २०१४ मध्ये खुली झाली. तिच्या स्तंभांची व छताची रचना मोरपिसाऱ्यावरून सुचलेली असून भिंतींवर भारतीय कलावस्तूंचा ‘जय हे’ हा मोठा संग्रह मांडलेला आहे.

परदेशी जाणाऱ्या प्रवाशास सामान सुपूर्द करणे, पारपत्राची तपासणी आणि सुरक्षा तपासणी हे टप्पे पार करावे लागतात. येणाऱ्यास पारपत्र तपासणीनंतर सामान घेऊन सीमाशुल्क कक्षातून बाहेर पडता येते. चलन-विनिमय, करमुक्त दुकाने, उपाहारगृहे, विश्रांतिकक्ष, वैद्यकीय मदत, अपंग व वृद्धांसाठी चाकांच्या खुर्च्या इ. सोयी आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोनेही विमानतळावर पोहोचता येते.

येथील दोन धावपट्ट्या (लांबी सु. ३,४५० मी. व २,९०० मी.) परस्परांना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत व मुख्यत्वे एकाच धावपट्टीवर वाहतुकीचा भार पडतो. वर्षाकाठी पाच कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा होत असताना सभोवतालच्या दाट वस्तीमुळे विस्तारास वाव उरलेला नाही. पावसाळ्यापूर्वी देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. इमारत कितीही प्रशस्त केली, तरी धावपट्टीची क्षमता हीच वाहतुकीची खरी मर्यादा ठरते. ही कोंडी दूर करण्यासाठी समांतर धावपट्ट्यांची योजना असलेला नवी मुंबई विमानतळ उभारण्यात आला. तेथील प्रवासी वाहतूक डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली.